वाढत्या मुलाची घरशाळा

पनवेलमध्ये कॉन्व्हेंटात प्रवेश मिळावा म्हणून ओळखीपाळखी काढणारे पालक पुष्कळ, आणि त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नसतात. अशा गावात एका ख्रिस्ती घरातला मुलगा शाळेत न जाता घरीच शिकतो म्हटलं की लोकांना कोडं पडतं. ‘तुम्हाला तर तुमच्याच शाळेत चटकन घेतलं असतं की!’ हे मी सोसायटीच्या जिन्यात ऐकलंय आणि रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीच्या आवारातही. पाठोपाठ ठरलेले प्रश्न येतात. हे कायद्यात बसतं का? दहावीचं काय? मित्र कुठून आणणार? आणि मिसरूड फुटायला लागलेला पोरगा आईला मास्तरीण म्हणून किती दिवस जुमानणार? शेवटचा प्रश्न सगळ्यांत खरा आहे. पण तिथवर पोचण्याआधी घरशाळा चालते कशी, ते पायरीपायरीने सांगते.

घरी का?

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. मुलाचे पप्पा तळोजा एमआयडीसीत पाळीवर जातात, मी घरून थोडं कामकाज करते. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्याला घरी शिकवायचं ठरवलं ते कुठल्या शाळेवर राग धरून नव्हे. सकाळी शाळा, दुपारी गृहपाठ, संध्याकाळी क्लास असा दिवस गेला की घराच्या वाट्याला जेवण आणि झोप उरते. विश्वासाच्या वाट्याला रविवारचा एक तास. पवित्र शास्त्रात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात आईबापांना सांगितलंय की देवाच्या आज्ञांविषयी मुलांशी घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना बोलत राहा. जगभरातली ख्रिस्ती घरशिक्षण करणारी कुटुंबं याच अध्यायाकडे बोट दाखवतात. एवढं बोलायचं तर आधी एकमेकांच्या सहवासात असायला हवं, हा आमचा साधा हिशोब होता.

यात काही परदेशी खूळ नाही. मराठी ख्रिस्ती समाजातलं सर्वांत मोठं नाव, पंडिता रमाबाई, शाळेची पायरी न चढताच शिकल्या. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आधी बायकोला संस्कृत शिकवलं. रमाबाईंच्या वेळी ते वयाने थकले होते, म्हणून लेकीचा अभ्यास मुख्यतः आईनेच घेतला. तीर्थयात्रांत, पायी फिरताना पाठांतर चालायचं. त्या शिदोरीवर 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आयुष्याच्या अखेरीस केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. घरी शिकलेलं माणूस घराच्या भिंतीत अडकून राहतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे चरित्र वाचावं. आईबापांनी जे शिकवलं त्याच्या कितीतरी पुढे, आणि वेगळ्याच दिशेला, ही लेक गेली. घरशिक्षण करणाऱ्या पालकाने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवलेली बरी.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातलं कलम 10 सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. मात्र तसं न करणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा या कायद्यात कुठेच नाही. घरी शिकवण्याला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. या मधल्या जागेत देशातली घरशिक्षणवाली कुटुंबं उभी आहेत. ‘कायद्याने मान्य आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आणि ‘पोलीस येतील’ म्हणणाऱ्यांवरही नको.

सरकारदरबारी असं मूल ‘शाळाबाह्य’. 4 जुलै 2015 रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली होती. अशा पाहणीला दारात येणारे शिक्षक आपलं काम करत असतात, त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्यांना घरात बोलवावं, चहा द्यावा आणि मुलाची फाइल दाखवावी. आमच्या फाइलमध्ये जन्माचा दाखला, आधार, दरवर्षी काय वाचलं त्याची यादी, गणिताच्या वह्या, चित्रं, प्रयोगांच्या नोंदी असतात. वर्षाची एक फाइल पुरते. ती दुसऱ्यांना दाखवायला उपयोगी पडते, पण खरा उपयोग आपल्यालाच होतो. वर्ष वाया गेलं की मार्गी लागलं, हे ती चाळताना कळतं.

त्याच कायद्यातलं कलम 4 घरशिक्षण करणाऱ्याने पाठ करून ठेवावं. कधीच शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क ते देतं; मागे पडला असेल तर जादा शिकवणी मिळण्याचाही. म्हणजे आठवीपर्यंत परतीचा रस्ता उघडा आहे. तो उघडा आहे हे मुलालाही सांगून ठेवावं.

दिवस कसा जातो

घरशाळा म्हणजे घरात फळा टांगून पस्तीस मिनिटांचे तास घेणं नव्हे. तसं करणारे पालक काही महिन्यांत दमतात. आम्ही आधार घेतला तो शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेच्या पद्धतीचा. मेसन (1842–1923) श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. ‘होम एज्युकेशन’ हे त्यांचं पुस्तक 1886 चं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: धडे आखूड ठेवा, सार काढलेल्या रटाळ पाठ्यपुस्तकांऐवजी जीव ओतून लिहिलेली पुस्तकं वाचायला द्या, रोज मुलाला उघड्यावर न्या, आणि वाचलेलं त्याच्या शब्दांत त्याच्याकडून ऐका.

हे ऐकणं दिसायला सोपं आणि करायला अवघड. आमच्याकडचं एक उदाहरण देते. वासुदेव बळवंत फडके आमच्या शेजारच्याच शिरढोणचे, म्हणून त्यांचं चरित्र हाती घेतलं. एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, एकदाच. पुन्हा वाचून मिळणार नाही हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे कान आपोआप टवकारतात. मग पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, ‘सांग आता.’ तो सांगू लागला. साल विसरला, खटल्याचे तपशील गाळले. पण एडनच्या तुरुंगात फडक्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांपासून उखडलं आणि ते निसटले, इथे आल्यावर उठून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या बघून आला. ‘आई, हे हाताने कसं निघेल?’ या वेळी आईने गप्प बसायचं असतं. मध्येच ‘साल कुठलं?’ विचारलं की सांगणं संपतं आणि परीक्षा सुरू होते. साल आपण शेवटी सांगावं: 1883. पळाल्यावर लवकरच पकडले गेले आणि त्याच फेब्रुवारीत तुरुंगातच वारले, हेही. लहानपणी हे सांगणं तोंडी होतं. दहा-अकराव्या वर्षापासून ते लेखी होतं, आणि निबंध शिकवायची वेगळी गरज फारशी उरत नाही.

पाठ्यपुस्तकांचा बाऊ करायला नको. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय; त्याचे जुने अंकही तिथे वाचायला मिळतात. गणित मात्र रोज, न चुकता, ठरल्या वेळी. बाकी विषय आठवड्याच्या मापाने मोजता येतात, गणित दिवसाच्या मापाने मोजावं लागतं. निसर्गाच्या वहीसाठी पनवेलकरांना फार लांब जावं लागत नाही. गोवा महामार्गावर कर्नाळ्याचं अभयारण्य आहे. पावसाळ्याच्या तोंडाला तिथे शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो, हे मुलाने स्वतःच वहीत लिहिलं.

परदेशी ख्रिस्ती अभ्यासक्रमांविषयी एक शब्द. अमेरिकेत 1970 पासून चालणारा ‘ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ पुस्तिकांवर चालतो. मूल एकेक पुस्तिका स्वतः सोडवत पुढे जातं. आपल्याकडेही काही जण तो वापरतात. स्वयंशिस्त लागते हे खरं, पण इतिहास तिकडचा, नाणी तिकडची, ऋतूही तिकडचे. आणि अशा काही पुस्तकांत विज्ञानाला हातचं राखून शिकवलेलं असतं. आम्ही विज्ञान बालभारतीचं जसं आहे तसं शिकवतो, उत्क्रांतीसकट. उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि जीवशास्त्राचा धडा यांचं कसं जमतं, हा प्रश्न मुलाला पडतो. पडू द्यावा. त्यावर जेवताना वाद होतो, आणि तो वाद हाही अभ्यासच आहे.

विश्वासाचा तास

सकाळी न्याहारीआधी वचन आणि प्रार्थना, एवढंच ठरलेलं. नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास त्याभोवती जास्त वाचन होतं. स्तोत्रं पाठ होतात, गायनात रेव्हरंड टिळकांची भजनं येतात. ती गाता गाता मुलगा तबल्याकडे वळला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशीला, म्हणजे लोकलच्या अंतरावर. मंडळाच्या परीक्षांना शाळेचा दाखला लागत नाही, ही घरशाळेतल्या मुलाला सोयीची गोष्ट.

लहानपणी गोष्टी पुरतात: नोहा, योसेफ, दावीद. अकरा-बाराव्या वर्षी मुलगा ईयोबापाशी अडतो. चांगल्या माणसाचं वाईट का झालं? पालकाला इथे घाईने उत्तर द्यावंसं वाटतं. देऊ नये. त्याऐवजी आम्ही उसनवारी केली ती सुझॅना वेस्ली यांच्याकडून. मेथडिस्ट चळवळीचे जॉन आणि चार्ल्स यांची ही आई. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एपवर्थ गावी ती आपल्या मुलांना घरीच शिकवायची. घर पोरांनी भरलेलं, तरी आठवड्यातली एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलासाठी राखून ठेवली होती. जॉनच्या वाट्याला गुरुवार होता. आमच्याकडे तो मान शुक्रवारी पप्पांकडे आहे. दोघं वडाळे तळ्याभोवती फिरून येतात. काय बोलतात ते मी विचारत नाही.

पुस्तकातलं शास्त्र गावात उभं असलेलं दाखवता आलं तर सोडू नये. पनवेलमध्ये बेने इस्रायली समाजाचं बेथ एल सिनेगॉग आहे, 1849 चं. जुना करार वाचणाऱ्या मुलाला, तोच ग्रंथ पवित्र मानणारी आणि मराठी बोलणारी माणसं आपल्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदली हे कळतं, तेव्हा शास्त्र दूरच्या वाळवंटातलं राहत नाही. कोकणात हा समाज तेल गाळायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत, हे ऐकल्यावर दहा आज्ञांतली शब्बाथाची आज्ञा वेगळी समजवावी लागली नाही.

मुलगा वाढतो तेव्हा

आता तो शेवटचा प्रश्न. बाराव्या वर्षाच्या आसपास घरशाळेतलं हवामान बदलतं. आवाज फुटतो, खोलीचं दार लागायला लागतं. सकाळी पसाऱ्यावरून आई रागावली की दुपारी तिच्याकडून भूमिती शिकायची नसते. यात मुलाचं काही चुकत नाही. एकच व्यक्ती आई आणि सगळ्या विषयांची शिक्षिका असणं हे लहान मुलाला उबदार असतं, वाढत्या मुलाला दाटतं. अशा वेळी वेळापत्रक कडक करण्यापेक्षा आईने एकेक विषय हातावेगळा करावा.

येशूच्या बालपणाची शुभवर्तमानांत सांगितलेली मोठी गोष्ट एकच, ती लूकने दुसऱ्या अध्यायात दिली आहे. बारा वर्षांचा मुलगा सणाला यरुशलेमेत गेला, परतीच्या वाटेवर आईबापांना दिसेना, तीन दिवसांनी मंदिरात सापडला. तिथे तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. आई चिडली, तेही लूकने लपवलं नाही. ख्रिस्ती घरशिक्षणाचा विचार करताना अनुवादाच्या सहाव्या अध्यायाइतकाच हा अध्याय समोर ठेवायला हवा, असं माझं मत आहे. पहिला अध्याय मुलाला घरात ठेवतो. दुसरा त्याला घराबाहेरच्या गुरूंकडे नेतो. विश्वासाला जपायचं म्हणून वाढत्या मुलाला घरातच धरून ठेवणारे पालक अर्धंच शास्त्र वाचत असतात.

व्यवहारात हे असं होतं. बीजगणित आता सोसायटीतल्या एका निवृत्त अभियंत्यांकडे. ते ख्रिस्ती नाहीत आणि फार कडक आहेत. दोन्ही गोष्टी त्याच्या फायद्याच्या. तबला गुरुजींकडे. सायकलची दुरुस्ती आणि घरखर्चाची वही पप्पांकडे. विज्ञानासाठी हार्बर लाइनवर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. देशातल्या विज्ञान आणि गणिताच्या ऑलिम्पियाडचा कारभार तिथून चालतो. आठवड्याचा आराखडा रविवारी संध्याकाळी तो स्वतः आखतो, मी फक्त गणित आणि झोपेचे तास राखून घेते. आराखडा कोलमडला तर पुढच्या रविवारी तोच दुरुस्त करतो. माझ्याकडे उरलंय मराठी, इतिहास आणि ऐकणं.

मित्रांचं म्हणाल तर शब्बाथ शाळा आणि तरुण संघ आहेत, पण तेवढ्यावर भागवू नये. सोसायटीच्या मैदानात क्रिकेट आहे. अडचण एवढीच की शाळेतली पोरं क्लासमधून सुटेपर्यंत अंधार पडतो. गणपतीत मित्रांच्या घरी जाणं होतं. आरतीला कसं उभं राहायचं, प्रसाद हातावर ठेवला तर काय, यावर आमच्या समाजात घरोघरी वेगळी मतं आहेत. आम्ही आमचं मत सांगितलं, कारणं सांगितली आणि मित्राच्या आईचा अवमान होता कामा नये एवढी एकच अट घातली. बाकी निर्णय त्याचा.

दाखल्याची वाट

शिक्षण घरी होईल, पण दाखला घरी छापता येत नाही. मुंबईची मालविका जोशी सातवीतच शाळा सोडून घरी शिकली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर 2016 मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. पण आपल्या आयआयटीला बारावीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते तिच्यापाशी नव्हतं. पदकं सगळ्यांच्या नशिबी नसतात, तेव्हा प्रमाणपत्राची सोय वेळेवर करावी.

सर्वांत रुळलेली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, लोक जिला एनआयओएस म्हणतात. 1989 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती स्थापन झाली, 2002 मध्ये आजचं नाव मिळालं. दहावीसाठी वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. आठवीचा दाखला नसेल तर पुढचा अभ्यास झेपण्याइतकं शिकलो आहे, असं स्वयंघोषणापत्र चालतं. किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यांत एक भाषा हवीच. मराठी माध्यमही आहे. लेखी परीक्षेबरोबर घरी सोडवून द्यायचे स्वाध्याय असतात, त्यांना 20 टक्के वजन आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या मुदतीत नऊ संधी मिळतात, म्हणजे पाच विषय एकदम द्यायची सक्ती नाही. आमचा बेत यंदा तयारी आणि पुढच्या वर्षी दोन विषय असा आहे. याखेरीज महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. अटी बदलत असतात. दरवर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचावं, व्हॉट्सॲपवर आलेलं नव्हे.

मुक्त विद्यालयाच्या मुलांना पुढे दारं बंद होतात, ही समजूत जुनी आहे. 2018 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतून अशा विद्यार्थ्यांना वगळण्याचा प्रयत्न झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो मोडीत काढला.

कोणी करू नये

घरात एक तरी मोठं माणूस दिवसा हजर नसेल, तर करू नये. शेजाऱ्यांशी, नातलगांशी अबोला धरून मुलाला जगापासून वाचवायला निघाला असाल, तर मुळीच करू नये. आणि मुलाला विचारलं नसेल, तर दहा-अकराव्या वर्षानंतर पुढे रेटू नये.

विचारायची वेळ मे महिन्यातली. शाळांचे प्रवेश तेव्हा चालू असतात, वर्षाची फाइल हाताशी असते. तिघांनी बसून ती चाळावी आणि मुलाला सरळ विचारावं: पुढचं वर्ष घरी की शाळेत? आमच्याकडे दरवर्षी हा प्रश्न होतो. आतापर्यंत उत्तर ‘घरी’ आलं आहे. यंदा त्याने दोन दिवस मागून घेतले आणि मित्राच्या शाळेचं मैदान बघून आला. मग म्हणाला, दहावीपर्यंत घरी, अकरावीला कॉलेज. आम्ही त्या हिशोबाने कागदपत्रं जमवायला घेतली आहेत.